जुना लाकडी झोक्याचा सेट: फुकट मिळाला तरी काय बघून उचलावा

निकाल आधी. डीलरने उभारून दिलेला, जाड खांबांचा सीडर किंवा रेडवुडचा सेट दहा-बारा वर्षांचा असला तरी घ्यावा. दुकानातून खोक्यांत आलेला पातळ फळ्यांचा सेट पाच वर्षांचा असला तरी फुकटातच घ्यावा, तोही जवळच न्यायचा असेल तर. आणि २००४ च्या आधीचा, हिरवट झाक असलेल्या पाइनचा सेट कोणी दारात आणून टाकला तरी परत पाठवावा.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि मार्केटप्लेसवर अशा सेटची, म्हणजे झोके, घसरगुंडी आणि चढायचा लाकडी मनोरा यांच्या एकत्र संचाची, जाहिरात दिसली की शेवटची ओळ ठरलेली असते: ‘तुम्हीच सोडवून न्या.’ खरी किंमत त्या ओळीत आहे. ट्रकचं भाडं, नवे बोल्ट, नवे झोके, जमिनीवर टाकायचा मल्च (लाकडाचा आणि सालींचा चुरा) आणि दोन माणसांचे दोन शनिवार-रविवार, हे सगळं ‘फ्री’ या शब्दात बसवलेलं असतं.

पाइन नाकारण्याचं कारण रसायनाचं आहे. लाकूड कुजू नये म्हणून त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने भरलं जात असे, त्याला सीसीए म्हणतात. घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबलं. आर्सेनिक हळूहळू पृष्ठभागावर येतं, तिथून मुलांच्या हाताला लागतं आणि खालच्या मातीतही उतरतं. रंग उडालेलं जुनं लाकूड नुसतं पाहून ओळखता येत नाही, म्हणून ‘सेट कोणत्या साली घेतला?’ हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा प्रश्न विचारू नका.

बघायला जाताना जाड स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा. खांब मातीला टेकतो तिथे, झोक्याच्या आडव्या तुळईच्या वरच्या अंगाला आणि मजल्याच्या फळ्यांखालच्या आडव्या लाकडांत तो टोचून बघायचा. टोक पाव इंचापेक्षा सहज आत गेलं तर ते लाकूड कुजलेलं आहे. एखादा खांब बदलता येतो. तुळई कुजली असेल तर सौदा मोडा. रेषेच्या दिशेने गेलेल्या उभ्या चिरांना घाबरू नका, लाकूड वाळताना त्या पडतातच. चीर बोल्टच्या भोकातून आरपार गेली असेल तर मात्र तो सांधा पुन्हा भार घेणार नाही. तुळईला पेनाएवढं जाड, कंपासने काढल्यासारखं गोल भोक दिसलं तर ते कार्पेंटर बीचं घर. एक-दोन असतील तर बुजवता येतात, रांग असेल तर तुळई आतून पोकळ समजा. घसरगुंडीवरून हात फिरवा: पांढरी भुकटी हाताला लागली आणि कडा दाबल्यावर कुरकुरली तर प्लास्टिक उन्हाने संपलेलं आहे. नवी घेताना मजल्याची उंची मोजून घ्या. चार फुटांच्या मजल्याची घसरगुंडी पाच फुटांना लागत नाही.

खोक्यातल्या सेटबद्दल आमचं मत कडक का, तर तो एकदाच उभारण्यासाठी बनवलेला असतो. पाऊण-एक इंची फळ्या, मऊ लाकूड, आणि बराचसा भार लाकडी स्क्रूंवर. स्क्रू काढला की भोकातले आटे त्याच्याबरोबर भुग्यासारखे बाहेर येतात, आणि पुन्हा लावला की नुसता फिरतो. त्याची एक बाजू चांगली: बऱ्याच सेटवर मॉडेल नंबराची पट्टी असते आणि बॅकयार्ड डिस्कव्हरी किंवा गोरिलासारख्या कंपन्यांची जोडणी-पुस्तिका पीडीएफमध्ये मिळते. ती शेवटच्या पानापासून उलटी वाचत गेलं की सोडवण्याचा क्रम आपोआप हाती येतो. डीलरच्या सेटला बहुधा पुस्तिका नसते, पण तिथे ४ बाय ४ आणि ४ बाय ६ चे खांब आरपार बोल्टने जोडलेले असतात. बोल्ट दहा वेळा काढून दहा वेळा लावता येतो. (४ बाय ४ हे नाव झालं. मोजलं तर साडेतीन बाय साडेतीन इंचच भरतं.)

पैसे देण्याआधी टेप घेऊन स्वतःच्या बॅकयार्डात जा. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या अमेरिकी सरकारी ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या सूचनेप्रमाणे सेटच्या चारी बाजूंना सहा फूट मोकळी जागा लागते. झोक्यापुढे आणि मागे त्याहून जास्त: झोका जिथे टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट. तुळई आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा, एकूण बत्तीस फूट. टाउनहाउसच्या मागच्या पट्टीत एवढी जागा नसते, आणि कुंपणाकडे तोंड करून झोका लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर लेखी परवानगी आधी, ट्रक नंतर.

दुसरं माप फाटकाचं, दोन्ही घरांच्या. सेट किती सुटा करायचा हे तेच ठरवतं.

आता हत्यारं. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे खोल सॉकेट, हाताचं रॅचेट आणि एक्स्टेन्शन, फिलिप्स, चौकोनी आणि टॉर्क्स बिटं, लॉकिंग प्लायर, लहान पहार, रबरी हातोडा, धातू कापणाऱ्या पात्यासकट रेसिप्रोकेटिंग सॉ, आठ फुटी शिड्या दोन. पाव इंची लॅग स्क्रूचं (षटकोनी डोक्याच्या जाड लाकडी स्क्रूचं) डोकं ७/१६ चं असतं, ५/१६ चं १/२ आणि ३/८ चं ९/१६, म्हणून हे तीन सॉकेट नव्वद टक्के काम करतात. मिलिमीटरचा संच घेऊन गेलात तर डोकी गोल करून परत याल.

बोल्टपाशी माणसं दिवस घालवतात, म्हणून जरा सविस्तर. गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवावं. लॅग स्क्रूवर त्या तेलाचा फारसा उपयोग नाही, कारण त्याचे आटे लाकडाच्या पोटात असतात आणि तेल डोक्याखालच्या वायसरपाशीच थांबतं. त्याला डोक्यावर हातोडीचे दोन नीट ठोके द्या, मग आधी पाव फेरा घट्ट करा आणि मगच सैल करायला घ्या. गंजाची पकड त्या उलट्या पाव फेऱ्याने सुटते. सरळ इम्पॅक्ट लावून उलटं फिरवलं की डोकं तुटून हातात येतं. तुटलंच तर आतला तुकडा काढण्याचा हट्ट धरू नका, जोडताना दीड-दोन इंच बाजूला नवं भोक पाडा.

कॅरेज बोल्ट, म्हणजे गोल गुळगुळीत डोक्याचा, हा वेगळा त्रास. डोक्याखालचा चौकोनी भाग लाकडात रुतलेला असतो म्हणून तो फिरत नाही. लाकूड झिजलं की नटाबरोबर अख्खा बोल्टच फिरतो. डोक्यावर ठोका देऊन चौकोन पुन्हा बसतो का बघा. नाही बसला तर डोक्याला करवतीने खाच पाडून चपट्या स्क्रूड्रायव्हरने धरा. तरीही फिरला तर नट कापा. नवा बोल्ट एक-दोन डॉलरचा असतो, त्यासाठी अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही. टी-नटचं दुखणं याच जातीचं: मागून ठोकलेल्या त्या दातेरी वाटीचे दात सुटतात आणि ती आतल्या आत फिरते. बोल्टच्या डोक्याखाली पहार घालून तो बाहेरच्या बाजूला ओढत धरा आणि तसाच फिरवा. ओढीने दात पुन्हा लाकडात रुततात. जोडताना तिथे टी-नट परत लावू नका, साधा नट आणि रुंद वायसर लावा.

एकही बोल्ट सोडवण्याआधी फोटो काढा: चारी बाजूंनी, आतून, खालून, आणि प्रत्येक सांध्याचा जवळून. मग सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच अक्षर लिहा, जोडल्यावर झाकलं जाईल अशा जागी, पक्क्या मार्करने. नुसती टेप चिकटवली तर ट्रकमध्ये ती निघते आणि सगळे खांब जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात. प्रत्येक सांध्याचे बोल्ट वेगळ्या झिप पिशवीत, पिशवीवर तेच अक्षर, आणि सगळ्या पिशव्या एकाच बादलीत.

क्रम असा: झोके आणि साखळ्या, घसरगुंडी, शिडी आणि चढायची भिंत, छप्पर, मग तुळई, शेवटी मनोरा. अपघाताची जागा तुळई आहे. तिचं एक टोक मनोऱ्यावर असतं आणि दुसरं ए-फ्रेमवर, म्हणजे आपल्या कैचीवर. ती कैची तुळईच्याच आधाराने उभी असते; तुळई सुटली की बाजूला कलंडते. म्हणून दोन शिड्यांवर दोन माणसं, तिसऱ्याच्या हातात कैची, आणि मनोऱ्याकडचे बोल्ट आधी फक्त सैल करायचे. कैचीकडचं टोक खाली उतरलं की मगच मनोऱ्याकडचे पूर्ण काढायचे. सुकलेल्या सीडरची दहा फुटी ४ बाय ६ तुळई तीसेक पौंडांची असते, ओल्या पाइनची त्याच्या दुप्पट जड लागू शकते. वजन फार नाही, पण शिडीवर हात वर करून ते पेलणं जमिनीवर उचलण्याइतकं सोपं नसतं.

मनोरा फळी-फळी सुटी करण्याचा मोह टाळा. भिंती अख्ख्या पॅनेल म्हणून, मजला अख्खा, छपराच्या दोन बाजू अख्ख्या. जितके सांधे तुम्ही सोडत नाही तितके पुन्हा गुण्यात आणावे लागत नाहीत. पॅनेल फाटकातून आडवं जात नसेल तर एका कडेवर उभं करून न्या. तरीही अडलं तर फाटकाचं दार बिजागऱ्यांतून काढा; ते दहा मिनिटांचं काम आहे. मनोरा अख्खा ट्रेलरवर ठेवून नेण्याची कल्पना निघतेच. साडेआठ फुटांपेक्षा रुंद भार रस्त्यावर न्यायला परवाना लागतो, आणि उंचीला झाडं व तारा आडव्या येतात.

वाहतुकीला यू-हॉलचा १५ फुटी ट्रक किंवा ६ बाय १२ चा उघडा ट्रेलर पुरतो. तुळई आणि खांब तळाला, पॅनेल उभी, घसरगुंडी सर्वांत वर उपडी. ती दोन पट्ट्यांनी बांधा, एका पट्टीवर ठेवली तर महामार्गावर वारा तिला शिडासारखी उचलतो. भार मागे चार फुटांपेक्षा जास्त बाहेर आला तर बऱ्याच राज्यांत लाल कापड बांधावं लागतं.

पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सीतून सेट हलवणाऱ्यांनी एक तपासणी चुकवू नये: स्पॉटेड लँटर्नफ्लाय. ही कीड २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडली आणि तिथून पसरली. क्वारंटाइन काउंटीतून बाहेर न्यायच्या वस्तूंच्या यादीत अंगणातली खेळणीही येतात. अंडी सप्टेंबरपासून पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सापडतात, आणि दिसतात वाळलेल्या चिखलाच्या करड्या पोपड्यासारखी. मजल्याखाली, छपराच्या आतून, घसरगुंडीच्या पाठीवर बघा. सापडली तर जुन्या कार्डाने खरवडून हँड सॅनिटायझर असलेल्या पिशवीत टाका. गांधीलमाशांची पोळी छपराच्या कोपऱ्यात असतात, ती पहाटेच्या गारव्यात बघावीत.

अँकर (सेट जमिनीला धरून ठेवणाऱ्या खुंट्या) तिथेच राहू द्या असं काही जण सांगतात. आपण ते काढून घ्यावेत, नाहीतर जुन्या मालकाच्या लॉन-मोअरचं पातं आपल्या नावावर जाईल. स्क्रूसारखे असतील तर कडीत पाइप घालून उलटे फिरवा. काँक्रीटमधले असतील तर खोदून जमिनीखाली चार इंचांवर कापा. जानेवारीत गोठलेल्या जमिनीत यातलं काहीच होत नाही. सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर: माती मऊ, उन्हाळा संपल्यामुळे विकणारा घाईत, आणि एप्रिल-मेसारखी गिऱ्हाइकांची गर्दी नाही.

नव्या जागी खणण्याच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, केबल कुठून गेलीय याच्या खुणा फुकटात करून मिळतात. जमीन उतरती असेल तर उंच बाजू खणून खाली आणा, सखल बाजूला विटा रचू नका. आधी सगळं सैल जोडा, पाणसळ लावा, मजल्याचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करा आणि मगच आवळा. लॅगचे शेवटचे फेरे हाताच्या रॅचेटनेच. सीडर मऊ असतं, इम्पॅक्टने भोक क्षणात मोकळं होतं. मोकळं झालंच असेल तर सरस (गोंद) लावलेली कठीण लाकडाची खुंटी ठोकून पुन्हा भोक पाडा किंवा ५/१६ च्या जागी ३/८ वापरा. लाकूड तांब्याच्या द्रावणाने प्रक्रिया केलेलं असेल तर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच बोल्ट घ्या, साधा चकचकीत झिंकचा बोल्ट त्यात लवकर गंजतो.

जुन्यातलं काय फेकायचं: सगळे एस-हुक, अर्ध्यावर झिजलेले हँगर (झोका टांगायच्या कड्या), तडकलेल्या बैठका. खाली काय टाकायचं: सात फुटांपर्यंतच्या सेटला किमान नऊ इंच मल्च किंवा लाकडाचे तुकडे. गवत हे त्याला पर्याय नाही. मल्च दबतो, म्हणून बारा इंच टाकून नऊ राहतील असा हिशेब धरा.

पैसे देऊन सेट हलवून देणारेही मिळतात. डीलरच्या मोठ्या, दोन मनोऱ्यांच्या सेटसाठी ते पैसे वसूल होतात. खोक्यातल्या सेटसाठी नाहीत, तेवढ्यात नवा येतो. कोट घेताना उतरवणं, वाहतूक, उभारणी आणि नवे बोल्ट यांचे आकडे वेगवेगळे मागा, विम्याचं प्रमाणपत्र मागा, आणि लाकूड आधीच तडकलेलं असेल तर जबाबदारी कोणाची हे लिहून घ्या. स्वतः करणार असाल तर अनुभवी दोघांना (तुळईपुरता तिसरा धरून) सोडवायला पाच-सहा तास धरा आणि उभारायला त्याच्या दुप्पट. महिन्याभराने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा: नव्या जागी लाकूड बसतं आणि नट हाताने फिरतील इतके सैल होतात.