ल्युकेमिया विषाणूची लागण झालेले पिल्लू आणि कोथरूडचा एक दवाखाना

आमच्या कापशी नावाच्या पिल्लाला मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूचा, म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूचा, संसर्ग आहे आणि तिच्यावरचे उपचार कोथरूड परिसरातील एका लहानशा पशुवैद्यकीय दवाखान्यात चालू आहेत. काही तक्रारीही मांडायच्या असल्याने दवाखान्याचे नाव येथे देत नाही. या विषाणूवर रोग मुळापासून घालवणारे औषध नाही. त्यामुळे निदान किती सावधपणे केले आणि घरी काय करायचे ते किती नेमकेपणाने सांगितले, एवढ्यावरच मी या दवाखान्याचे मोल करते.

निदानाच्या बाबतीत डॉक्टरांना पूर्ण गुण द्यावे लागतील. रक्ताच्या काही थेंबांवर होणारी झटपट चाचणी विषाणूचे पी-२७ हे प्रथिन शोधते आणि तिचा निकाल साधारण दहा मिनिटांत मिळतो. तो पॉझिटिव्ह येताच दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला पिल्लाला कायमचे झोपवण्याचा सल्ला मिळाला होता. येथे मात्र डॉक्टरांनी शांतपणे समजावले की वरवर निरोगी दिसणाऱ्या पिल्लाचा एकच निकाल अंतिम मानता येत नाही, काही मांजरे या विषाणूला पुढे दाबून ठेवतात, आणि म्हणून रक्ताचा नमुना पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या, तपासणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून काही आठवड्यांनी झटपट चाचणी पुन्हा करावी. दोन्ही निकाल पॉझिटिव्ह आले. त्यानंतरही त्यांनी खोटी आशा दाखवली नाही: संसर्ग सतत टिकून राहिलेली बहुतेक मांजरे तीनेक वर्षांत दगावतात, परंतु नीट सांभाळलेली काही त्याहून बरीच अधिक जगतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

घरच्या व्यवस्थेविषयीचे त्यांचे मार्गदर्शन हा या दवाखान्याचा सर्वांत मोठा गुण आहे. हा विषाणू मुख्यतः लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून, चाव्यांतून आणि एकत्र खाण्यापिण्यातून पसरतो, तसेच आईकडून पिल्लांत येतो. माणसांना किंवा कुत्र्यांना तो होत नाही. घरातल्या आमच्या दोन मोठ्या मांजरांची चाचणी करून घेण्याचा आणि त्या निगेटिव्ह निघाल्यावर कापशीची खोली, वाडगे आणि रेतीचा डबा वेगळा ठेवण्याचा आग्रह त्यांनी धरला. आपल्याकडे नेहमी दिल्या जाणाऱ्या तिहेरी लशीत या विषाणूपासूनचे संरक्षण नसते, हे मला येथेच कळले. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही, साध्या साबणाच्या पाण्यानेही भागते. उलट लादी पुसायला फिनेल वापरू नये, कारण ते मांजरांना विषारी ठरू शकते, ही सूचना तर प्रत्येक मराठी घराच्या मोरीत लावून ठेवण्यासारखी आहे.

आहाराविषयीही त्यांनी सोयीची मोघम उत्तरे दिली नाहीत. प्रतिकारशक्ती कमी असल्याने कच्ची मासळी, कच्चे मांस आणि कच्ची अंडी पूर्ण बंद करण्यात आली. आमच्याकडे कौतुकाने रश्श्यातला तुकडा धुऊन मांजराला घालण्याची पद्धत आहे. पण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि या विषाणूमुळे रक्तक्षय होण्याचा धोका आधीच असताना ते कौतुक महागात पडेल, हे त्यांनी सासूबाईंनाही पटेल अशा शब्दांत सांगितले. वजन दर आठवड्याला मोजणे, हिरड्या फिकट पडल्या आहेत का ते उजेडात पाहणे आणि झोपेतले श्वास मोजणे त्यांनी करून दाखवून शिकवले. श्वासांची संख्या मिनिटाला सातत्याने ३० च्या वर गेली तर छातीत गाठ किंवा पाणी असण्याची शक्यता असते, म्हणून त्याच दिवशी यावे, अशी ताकीदही दिली. दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी, वेळच्या वेळी जंत व पिसवांचे औषध आणि नसबंदी हा उरलेला कार्यक्रम.

आता उणिवा. कुत्र्यांना आणि मांजरांना बसण्याची जागा एकच आहे. ज्या पिल्लाला साधी सर्दीही झेपणार नाही, त्याला शिंकणाऱ्या मांजरांशेजारी ताटकळत बसवणे योग्य नाही. विनंती केल्यास सकाळची पहिली वेळ मिळते, मात्र त्यासाठीचा फोन क्वचितच उचलला जातो. बिलावर केवळ एकूण रक्कम असते. तपासणी शुल्क परवडण्याजोगे असले, तरी पीसीआरचा खर्च झटपट चाचणीपेक्षा बराच जास्त येतो आणि तो आधी सांगितला जात नाही, तेव्हा नमुना देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. रात्रीची सेवा येथे नाही. पिल्लाला ताप चढला किंवा धाप लागली तर जाता येईल अशा चोवीस तास उघड्या दवाखान्याचा क्रमांक आणि कापशीच्या सर्व अहवालांच्या प्रती मी वेगळ्या ठेवल्या आहेत.