वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, चौदा महिन्यांनंतर: जळालेलं गाव परत मिळतं तेव्हा

मी घणसोली गावात राहते, ऐरोलीत नोकरी करते आणि गेले चौदा महिने आठवड्यातून चार रात्री तरी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या ॲझरॉथ नावाच्या जगात असते. कळव्याला राहणारा माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, २०१० पासून हा गेम खेळतोय, त्यानेच मला आत ओढलं. रेड (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या लढाया), गिअर, कोणता क्लास भारी यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला कथेबद्दल लिहायचंय, आणि कथेतल्याही दोनच गोष्टींबद्दल: होर्ड आणि अलायन्स या एकमेकांशी लढणाऱ्या दोन बाजूंना कथा सारखा न्याय देते का, आणि मोडलेलं जग पुन्हा उभं करते तेव्हा ते कसं करते.

माझं पहिलं पात्र होर्डमधलं. दादाच्या आग्रहाने फोरसेकन, म्हणजे मेल्यावर पुन्हा उठलेल्या लोकांपैकी, प्रीस्ट घेतली. नवीन खात्याचं पहिलं पात्र एक्झाइल्स रीच नावाच्या बेटावर सुरू होतं, तसं माझंही झालं. दुसऱ्या पात्राच्या वेळी मी अलायन्समधली नाइट एल्फ ड्रूइड घेतली आणि तिच्या वंशाची जुनी सुरुवात निवडली. ती शॅडोग्लेनमध्ये, टेल्ड्रासिल नावाच्या अवाढव्य झाडाच्या माथ्यावर उतरली. जांभळट उजेड, संथ संगीत, मोठमोठ्या मुळांमधून जाणाऱ्या वाटा. मी तिथे तीन रात्री रेंगाळले. डार्नासस शहरात चंद्रदेवीच्या मंदिरातल्या पाण्याजवळ नुसती बसून राहिले. चौथ्या रात्री दादाने सांगितलं की कथेत हे झाड २०१८ मध्येच जळून गेलंय. मी खेळत होते तो त्याचा जुना काळ होता, नवीन पात्रांसाठी ठेवलेला.

मग आम्ही दोघांनी ती चित्रफीत पाहिली. सिल्व्हानास, फोरसेकनांची राणी आणि तेव्हाची होर्डची प्रमुख, किनाऱ्यावर मरणाऱ्या एका एल्फ सैनिकाशी बोलते आणि मग झाड पेटवायचा हुकूम देते. आजी पलंगावर बसून बघत होती. तिला खेळ काय ते कळत नाही, पण आग कळली. तिने विचारलं, मग त्या लोकांना जागा कुठे दिली?

आमच्या घरात हा प्रश्न सगळ्यांच्या आधी येतो. नवी मुंबई ज्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर उभी राहिली त्यातलं घणसोली एक. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. 'साडेबारा टक्के' हा शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकलाय. आजोबांची भातखाचरं गेली आणि पुढे प्लॉट मिळाला तो दुसऱ्याच सेक्टरमध्ये. मूळ जागा परत मिळणं, बदली जागा मिळणं आणि काहीच न मिळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. या गेमचं जग मी त्याच डोळ्यांनी बघितलं.

नाइट एल्फांना मिळाली ती बदली जागा. शॅडोलँड्स या विस्ताराच्या (गेमच्या कथेचा वेगळा विकला जाणारा नवा भाग) शेवटी नाइट एल्फांची नेता टायरँड हिच्या हाती एक बी येतं. ड्रॅगनफ्लाइट या पुढच्या विस्तारात त्या बीचं अमिरड्रासिल नावाचं झाड होतं, फायराक नावाचा ड्रॅगन त्याच्यावर चालून येतो, आणि नोव्हेंबर २०२३ च्या रेडमध्ये खेळाडू ते वाचवतात. ते झाड आता ड्रॅगन आयल्सच्या किनाऱ्याजवळ उभं आहे आणि त्याच्या पायथ्याशी बेलअमेथ नावाची वस्ती आहे. कथा म्हणून मला हे आवडलं, कारण झाड आयतं मिळत नाही, ते वाचवायला दोन्ही बाजूंचे लोक येतात. वस्तीही देखणी आहे. पण ती जुन्या झाडासमोरच्या डार्कशोअर किनाऱ्याजवळ नाही. ज्या समुद्रावर त्यांच्या होड्या चालायच्या तो समुद्र तिथून दिसत नाही. जुन्या जागी आजही करपलेला बुंधा उभा आहे. डार्कशोअरला झिडोर्मी नावाची ड्रॅगन मनुष्यरूपात उभी असते, तिच्याशी बोललं की ती तुम्हाला आगीच्या आधीच्या काळात नेते. मी कितीतरी वेळा गेलेय. आधी जुनं डार्नासस, मग परत येऊन तो बुंधा. मूळ जागेचं काय करायचं, राख उचलायची की तशीच ठेवायची, हे एल्फांनी आपसांत बोललेलं मला कुठे दिसलं नाही. नव्या गावाचा आनंद दाखवला, जुन्या गावाचा निर्णय राहून गेला.

गिल्नियासबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण मी सगळ्यात जास्त गुंतले ती तिथे.

गिल्नियास हे माणसांचं, पुढे वोर्गेन (लांडगामानव) झालेल्यांचं, अलायन्सच्या बाजूचं राज्य. २०१० च्या कॅटाक्लिझम विस्तारात होर्डचा प्रमुख गॅरॉशच्या हुकमावरून फोरसेकन त्यावर चालून गेले. सिल्व्हानासने सोडलेला बाण राजा गेन ग्रेमेनसाठी होता, तो त्याचा मुलगा लियामने स्वतःवर घेतला. उरलेल्या लोकांना नाइट एल्फांनी जहाजांतून नेलं आणि डार्नाससमध्ये आसरा दिला. म्हणजे २०१८ ला झाड जळालं तेव्हा त्यात हे निर्वासितही होते. एकदा उठवलेली माणसं दुसऱ्यांदा उठवली गेली. आमच्याकडे एका प्रकल्पातून उठून दुसऱ्याच्या हद्दीत सापडलेली घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना माझा घसा दाटून आला.

जानेवारी २०२४ च्या अपडेटमध्ये गिल्नियास परत मिळवण्याची क्वेस्टमालिका आली. मी ती दोन्ही पात्रांवर खेळले. मूळ जागा, तेच शहर, तोच धुक्यातला पाऊस. गेन शेवटी राज्य मुलीच्या, टेसच्या हाती देतो. इथवर मला काहीच तक्रार नाही.

तक्रार शत्रूबद्दल आहे. शहर ज्यांच्याकडून सोडवायचं ते निघतात स्कार्लेट क्रुसेडवाले, रिकाम्या शहरात येऊन बसलेले धर्मवेडे. ज्यांनी हे शहर मोडलं ते फोरसेकन मदतीला येतात, कालिया मेनेथिल आणि लिलियन व्हॉस या त्यांच्या आताच्या नेत्यांसह. शेजारी मदतीला येतोय हे चांगलंच. पण मोडणारा आणि बसणारा हे दोन वेगळे लोक केल्यामुळे मोडणाऱ्याला कोणी जाबच विचारत नाही. माझी फोरसेकन प्रीस्ट त्या रस्त्यांवरून लढत गेली आणि एकाही गिल्नियासवाल्याने तिला थांबवून विचारलं नाही की तू त्या वेळी कुठे होतीस. मला कोणी विचारावं असं फार वाटत होतं. उत्तर काय दिलं असतं ते मला माहीत नाही, पण प्रश्न यायला हवा होता. चौदा वर्षांच्या जखमेला साधारण अर्ध्या तासाचं काम दिलं. शहर मिळाल्यावर मी रात्रभर त्यात फिरले, मला ते रिकाम्या चाळीसारखं वाटलं. चूल पेटलेली दिसत नाही, पोरं दिसत नाहीत. किल्ली मिळाली, पण घरात सामान आलेलंच नाही.

दादाची बाजूही लिहिते, कारण तो माझ्यापेक्षा जास्त दुखावलेला आहे आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

त्याने २०१८ चा तो हल्ला होर्डकडून खेळलाय. तो मर्यादित काळापुरता होता, मला खेळायलाच मिळाला नाही. ॲशनव्हेल, मग डार्कशोअर, कूच करायची, मारायचं, पुढे सरकायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. कथा पुढे न्यायची तर हुकूम पाळायचा, आणि झाड जळालं की हातात पेटता पलिता तुमचाही असतो. तो म्हणतो, मी तॉरेन (बैलासारख्या लोकांपैकी एक) घेतला तो शांत, मातीला मानणाऱ्या लोकांचा म्हणून, आणि मला गाव जाळायला पाठवलं. थेरामोर या अलायन्सच्या शहराच्या वेळीही हेच झालं होतं, २०१२ मध्ये, गॅरॉशच्या मॅना बाँबने. दोनदा होर्डच्या प्रमुखाला खलनायक केलं, दोनदा होर्डच्या लोकांनीच त्याला उलथवलं, आणि दोन्ही वेळा सामान्य होर्डवाल्याने अपराध उचलला जो त्याने निवडलाच नव्हता. साउरफँग हा होर्डचा म्हातारा सेनापती, ज्याने त्या मोहिमेची आखणी केली आणि आग बघून जो मोडून पडला, तो २०१९ मध्ये ऑर्ग्रिमार या होर्डच्या राजधानीच्या दारात सिल्व्हानासला आव्हान देऊन मरतो. तो प्रसंग बघून दादा रडला होता, हे त्याने मला पनवेलच्या लोकलमध्ये सांगितलं. त्या काळात होर्डच्या खेळाडूला सिल्व्हानासच्या बाजूने राहायचं की साउरफँगच्या, अशी निवड दिली होती. निवड होती, पण शेवट सगळ्यांचा जवळजवळ तोच.

उलट अलायन्सच्या वाट्याला बहुतेकदा मार खाऊन हळहळणं आलं. अलायन्सने केलेल्या गोष्टी मात्र कथा पटकन मिटवते. टौराहो हे तॉरेनांचं छोटं गाव २०१० मध्ये अलायन्सच्या फौजेने जाळलं. सेनापती हॉथॉर्नने लोकांना पळता यावं म्हणून वेढ्यात मुद्दाम फट ठेवली होती, पण पळणारे क्विलबोअर नावाच्या रानडुकरासारख्या टोळ्यांच्या तावडीत सापडले. या प्रसंगात दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे, म्हणून मला तो आवडतो. पण ते गाव आजपर्यंत जळकंच आहे. मी प्रीस्टला घेऊन तिथे गेले होते. तंबूंचे सांगाडे, बाकी काही नाही. टेल्ड्रासिलसाठी सगळं जग रडलं, त्याच्या बदल्यात नवं झाड उगवलं. टौराहोसाठी एक तंबूही परत उभा राहिला नाही. लहान गाव, कमी माणसं, प्रसिद्ध पात्र एकही नाही. साउथशोअर हे माणसांचं बंदरही फोरसेकनांच्या विषाने गेलं ते गेलंच, तेव्हा हे फक्त होर्डच्या बाबतीत होतं असं नाही. ज्या गावाला नाव असलेला राजा नाही त्याची फाइल पुढे सरकत नाही, हे मला दोन्ही बाजूंना दिसलं. दोन्हीकडे सारखी शहरं मोडली का, असं मोजणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. मी बघते की कोणाला परत बोलावलं.

या सगळ्यात मला सर्वांत खरी वाटली ती लॉर्डेरॉनची, म्हणजे फोरसेकनांच्या राजधानीची परतफेड. २०१८ च्या युद्धात सिल्व्हानासने स्वतःच्याच राजधानीत विष सोडलं होतं. २०२२ च्या मे अखेरीस आलेल्या क्वेस्टमालिकेत फोरसेकन परत येतात, ते विष साफ करायला लागतात, आणि यापुढे एक राणी न ठेवता पाच जणांची परिषद नेमतात. त्यात कालिया आहे, म्हणजे त्याच सिंहासनावर बसलेल्या राजाची मुलगी, पण तिलाही एकटीला मुकुट देत नाहीत. इथे फक्त भिंती उभ्या केल्या नाहीत, निर्णय कोणी घ्यायचे तेही बदललं. काम हळू आहे, घाण आधी काढावी लागते, आणि ती घाण स्वतःच्याच माणसाने केलेली असते. गिल्नियासच्या लेखनात हा धीर असता तर!

आता बाकीचं भराभर. भारतात सर्व्हर नाही, मी युरोपच्या सर्व्हरवर खेळते. माझ्याकडे पिंग (सर्व्हरपर्यंत पोचायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, कथा आणि साध्या डंजनला (पाच जणांच्या छोट्या मोहिमेला) पुरतो. रेड त्यांच्या रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. सकाळी नऊची शिफ्ट असेल तर विचार करून गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, निवडा. विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट आहे, पुढे मासिक वर्गणी, आणि सगळ्यात नवीन विस्तार वेगळा विकत घ्यावा लागतो. २०२३ पासून दोन्ही बाजूंचे खेळाडू एका गिल्डमध्ये राहू शकतात, त्यामुळे मी आणि दादा आता एकत्र आहोत. त्याआधी असे दोन बाजूंचे लोक एका गिल्डमध्ये येऊच शकत नव्हते.

कथेसाठी खेळणार असाल तर क्रम सांभाळा. क्रोमी नावाचं पात्र तुम्हाला हवा तो विस्तार निवडून देतं, आणि नवीन माणूस हमखास चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. मी ड्रॅगनफ्लाइट आधी खेळले आणि अमिरड्रासिल वाचवलं तेव्हा मला कळतच नव्हतं की बाजूची एल्फ बाई एवढी का थरथरतेय. आधी नाइट एल्फ घ्या, टेल्ड्रासिलमध्ये निवांत फिरा. मग कॅटाक्लिझममधली वोर्गेनची सुरुवात. मग बॅटल फॉर ॲझरॉथ, म्हणजे २०१८ च्या युद्धाचा विस्तार, दोन्ही बाजूंनी, आळस न करता. त्यानंतर लॉर्डेरॉन, अमिरड्रासिल, बेलअमेथ आणि शेवटी गिल्नियास.

मी पुढच्या सहा महिन्यांची वर्गणी भरलीय. दादाचा एक ब्लड एल्फ सिल्व्हरमून या ब्लड एल्फांच्या राजधानीच्या पडक्या अर्ध्या भागाच्या तोंडाशी लॉगआउट करून ठेवलेला असायचा. ते शहर २००७ मध्ये गेममध्ये आलं तेव्हापासून अर्धं पडकं होतं, आणि मिडनाईट हा विस्तार क्वेलथलासमध्ये, म्हणजे त्या शहराच्या राज्यात, नेणार हे २०२३ मध्ये जाहीर झाल्यापासून तो आशेवर होता. येत्या शनिवारी तो घणसोलीला येतोय. आधी आम्ही टौराहोला जाणार आहोत, त्याचा तॉरेन आणि माझी ड्रूइड, दोघं मिळून.