कीटो डाएटवरच्या मुलीची घरची तपासणी: लघवीच्या पट्ट्या आणि रक्ताचं मीटर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

लघवीच्या पट्ट्या आणि रक्ताचं मीटर, दोन्ही घरात हवंच. रोजचं काम मात्र पट्टीवर सोपवावं आणि सुई अडल्या वेळेसाठी राखावी. फिट्ससाठी माझी लेक ४:१ च्या कीटो डाएटवर आहे, म्हणजे तिच्या जेवणात ४ ग्रॅम फॅटमागे प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट मिळून १ ग्रॅम. दोन्ही साधनं इतके महिने वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

आधी पट्टी. ती लघवीतला ॲसिटोॲसिटेट हा कीटोन, म्हणजे शरीरात चरबी जळताना तयार होणारा पदार्थ, दाखवते. फिकट बदामी टोक कीटोन असतील तसं गुलाबी, मग जांभळं आणि शेवटी वांग्याच्या रंगाचं होतं. आमच्या डबीवर बुडवल्यानंतर १५ सेकंदांनी वाचा असं लिहिलंय आणि ते अगदी शब्दशः पाळावं लागतं, कारण त्यानंतरही रंग गडद होत राहतो. खरी अडचण वरच्या टोकाला येते. डबीवरच्या रंगतक्त्यातल्या ८० आणि १६० मिलिग्रॅमच्या चौकोनांतला फरक पिवळ्या दिव्याखाली मला आजही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून आम्ही पट्टी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात धरतो आणि शक्यतो घरातलं एकच माणूस ती वाचतं.

आकडा वेळेप्रमाणे हलतो, हेही सुरुवातीलाच कळलेलं बरं. सकाळी कीटोन बहुधा कमी असतात, दुपारनंतर चढतात. भरपूर पाणी प्यायल्यावर लघवी पातळ होते आणि पट्टी फिकी दिसते, रक्तात काही बदललेलं नसलं तरी. त्यामुळे आजची सकाळ कालच्या संध्याकाळशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आम्ही रोज ठरलेल्या वेळी बघतो आणि वहीत आकड्याशेजारी वेळ, जेवण संपवलं का, फिट आली का, सर्दीताप आहे का, एवढं लिहितो. डायटिशियन पानं उलटते तेव्हा नुसत्या आकड्यांपेक्षा या रकान्यांवर जास्त थांबते.

मूल व्हॅल्प्रोएटवर असेल तर ही गोष्ट डॉक्टरांशी जरूर बोला: त्या औषधाचा काही भाग कीटोनसारख्या रूपात लघवीतून जातो, त्यामुळे लघवीच्या कीटोन तपासणीचा चुकीचा अर्थ लागू शकतो. फिट्सच्या किती मुलांना हे औषध चालू असतं, ते बघता हे डबीवरच ठळक छापायला हवं असं मला मनापासून वाटतं.

डायपरमधल्या बाळांसाठी डायपरमध्ये कापसाचे बोळे ठेवायचे आणि ओला बोळा पट्टीवर दाबायचा. नुसत्या डायपरमधून काही हाती लागत नाही, आतली जेल सगळं शोषून घेते.

आता मीटर. ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजतं, म्हणजे रक्तातला मुख्य कीटोन, आणि तोही या घडीचा. लघवी मात्र गेल्या काही तासांचं सांगते. २००० साली आलेल्या एका अभ्यासात रक्तातला हा आकडा ४ मिलिमोलच्या वर असलेल्या मुलांच्या फिट्स कमी होण्याची शक्यता जास्त दिसली होती. लघवीची पट्टी मात्र रक्तात २ च्या वर गेलं की शेवटच्या रंगाला पोचलेली होती. म्हणजे पट्टी पूर्ण गडद असली तरी आत २.५ आहे की ५, ते तिला सांगता येत नाही. फिट्स पुन्हा वाढल्या आणि पट्टी मात्र रोज उत्तम, अशा वेळी मीटर काढायचं ते यासाठी. तुमच्या मुलासाठी किती आकडा हवा, ते तुमची डॉक्टर-डायटिशियनची टीमच ठरवेल.

दुसरी वेळ आजारपणाची. उलट्या, धापा टाकल्यासारखा जोराचा श्वास, लालबुंद चेहरा, गळून गेल्यासारखी सुस्ती: यातलं काही दिसलं की पट्टीची वाट बघत नाही, कीटोन आणि साखर दोन्ही रक्तातून बघतो आणि टीमने लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे वागतो. आमच्या कागदावर किती मिलिलिटर रस द्यायचा आणि किती वेळाने पुन्हा तपासायचं, दोन्ही लिहिलेलं आहे. असा कागद नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या. साखरेच्या आकड्याबद्दल एक गोष्ट: घरच्या मीटरच्या आयएसओ मानकात १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक मान्य आहे. म्हणून ५८ आलं तर हात धुऊन लगेच दुसरी पट्टी लावतो. मूल पेंगुळलेलं असेल तर मात्र दुसऱ्या पट्टीसाठी थांबायचं नाही.

मीटरबरोबरच्या पुस्तिकेवर माझा राग आहे. ती मधुमेहासाठी लिहिलेली आहे आणि ३ च्या वर गेलं की तातडीने दवाखाना गाठा म्हणते. आमच्या मुलांना तोच आकडा मुद्दाम गाठायचा असतो. शाळेत किंवा तातडीच्या विभागात नवं माणूस असेल तर तेही घाबरतं आणि ग्लुकोजचं सलाइन लावायला निघतं. डाएटचं नाव आणि अपेक्षित आकडे लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र आमच्या पिशवीत कायम असतं.

सुईचं म्हणाल तर लेकीला ती आवडत नाही, आणि आवडावी अशी माझी अपेक्षाही नाही. कोमट पाण्याने हात धुतले की रक्त सहज येतं आणि बोटाला चिकटलेली साखरही निघते. हात पूर्ण कोरडे करायचे, टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. तिथे जास्त दुखतं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. कोणतं बोट ते ती ठरवते, तेव्हापासून हात मागे ओढणं बरंच कमी झालंय. कीटोनची पट्टी साखरेच्या पट्टीपेक्षा जास्त रक्त मागते. थेंब छोटा पडला की पट्टी वाया जाते आणि पुन्हा टोचावं लागतं. ही या मीटरची मोठी उणीव आहे.

पट्टीचा रंग अचानक उतरला तर जेवणाआधी औषधांकडे बघा. नवं सिरप, चघळायची गोळी, बदललेली टूथपेस्ट, यांत साखर असू शकते.

बायकार्बोनेट, लिपिड, कार्निटिन आणि मूतखड्याच्या दृष्टीने लघवीतलं कॅल्शियम यातलं काहीही घरी कळत नाही. त्या तपासण्या लॅबमध्ये ठरल्या वेळी झाल्याच पाहिजेत, घरचे आकडे कितीही छान असोत.

पट्ट्यांची डबी बाथरूममध्ये ठेवू नका, दमटपणाने त्या खराब होतात. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. आमची डबी उघडल्यावर ६ महिने चालते, मग आत कितीही उरल्या तरी टाकून देतो.