दोन पडद्यांचा लॅपटॉप: कीबोर्ड कंपनीचा ठेवावा की विंडोजचा?

दोन पडद्यांच्या लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या जागीही टचचा पडदाच असतो. त्या खालच्या काचेवर टाइप करायला दोन वाटा आहेत. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं कीबोर्ड ॲप टाकायचं, नाहीतर विंडोज ११चा मूळचा टच कीबोर्ड वापरायचा. मी दोन्ही भरपूर वापरलेत.

हाताला कंपनीचा कीबोर्ड जास्त चांगला वाटतो, हे आधीच सांगतो. तो खालचा अख्खा पडदा घेतो, पुढे टचपॅडला जागा सोडतो आणि तळवा टेकला तरी सहसा भलतं अक्षर उमटत नाही. विंडोजच्या कीबोर्डवर बोटं जरा आखडूनच चालतात आणि टचपॅड वेगळा उघडावा लागतो.

तरी माझं मन फिरलं ते साइन-इनच्या पडद्यावर. कंपनीचा कीबोर्ड बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम), टचचा ड्रायव्हर (स्पर्श विंडोजला समजावणारा प्रोग्राम) आणि ॲप अशा तिघांच्या भरवशावर चालतो. विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलला की माझ्याकडे ॲप रुसायचं. वर पिनची चौकट यायची, खाली मात्र नुसती काळी काच. ॲप लॉगिन झाल्यावर सुरू होणार आणि लॉगिनसाठी कीबोर्ड हवा! घाईच्या कामात हे फार जिव्हारी लागतं. दर वेळी सोडवलं ते कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हाने, कारण तिथून विंडोजचाच कीबोर्ड उघडतो. तुमच्या मॉडेलवर कदाचित असं होणारही नाही.

एक दुखणं दोन्हीकडे सारखंच: कधीकधी खाली बोट लावलं की वरच्या पडद्यावर क्लिक होतं. कंट्रोल पॅनलमधल्या ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये ‘सेटअप’ दाबून कुठला स्पर्श कुठल्या पडद्याचा ते सांगता येतं. पण तिथे पुढच्या पडद्यावर जायला एंटर दाबावा लागतो, म्हणून साधा यूएसबी कीबोर्ड जवळ असू द्या. बायोसमध्येही तोच कामी येतो.

दिवसभर काचेवरच लिहिणार असाल, तर कंपनीचं ॲप ठेवायला हरकत नाही. फक्त सगळं नीट चालू असतानाच ‘पीएनपीयुटिल’ (pnputil) या विंडोजच्याच कमांडने ड्रायव्हरची प्रत काढून ठेवा, म्हणजे अपडेटने तो बदलला तर जुना परत टाकता येईल. नाहीतर माझ्यासारखं करून बघा: टचचा ड्रायव्हर तसाच राहू द्या, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून ॲप बंद करा आणि सेटिंग्जच्या ‘टायपिंग’ विभागात टच कीबोर्ड ‘नेहमी दाखवा’वर ठेवा. मोठा मजकूर असला की मी ब्लूटूथ कीबोर्ड जोडतो.