पॉकेट डिक्शनरी घेतली खरं 'डिसेंट'पाशी अडली

रेटिंग: ५ पैकी ३

बेळगावच्या खडेबाजारात घेतलेली ही इंग्रजी-मराठी पॉकेट डिक्शनरी, १८० रुपये. दुकानदार म्हणाला "घ्या की हो, कॉलेजची पोरं हीच नेतात सगळी" म्हणून घेतली, भाची लॉ करते तिला होईल म्हणून. दोन महिने वापरली, आता लिहितोय. बाइंडिंग चांगलंय, दप्तरात कोंबून पण सुटलं नाही. टाइप मात्र एवढा बारीक की चष्मा लावून पण पान डोळ्याला लावायला लागतंय.

उच्चार देवनागरीत दिलेत हे बरं वाटलं, खरं तिथंच पहिली गंमत. 'डिसेंट' असा उच्चार तीन शब्दांपुढं छापलाय, एक सभ्य, एक उतार नाहीतर वंश, आणि एक विरोध. सभ्यवाल्याचा उच्चार डीसंट होतो हो, तेवढं तरी बघायचं.

मुख्य तक्रार त्या तिसऱ्याची. भाचीला १९७६ ची आणीबाणीतली हेबियस कॉर्पसची केस होती अभ्यासाला. पाच न्यायमूर्ती, चौघं म्हणाले आणीबाणीत डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टात येता येणार नाही, एकट्या एच. आर. खन्नांनी वेगळं लिहिलं. ते डिसेंट. डिक्शनरीत अर्थ काय, तर "विरोध, मतभेद". भाची म्हणते, "मग ऑपोजिशन म्हणजे काय रे मामा?" काढून बघितलं, विरोध. प्रोटेस्ट? विरोध, निषेध. ऑब्जेक्शन? हरकत, विरोध. सगळ्या कागदांवर एकच शिक्का मारल्यासारखं.

आता खन्ना काय मोर्चा घेऊन गेले नव्हते. त्याच बेंचवर बसून, तीच केस ऐकून, मला हे पटत नाही असं कारणं देऊन लिहिलं, बास. पुढच्या वर्षी त्यांना डावलून ज्युनियरला सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये प्रायव्हसीच्या केसमध्ये कोर्टानंच सांगितलं की त्या चौघांचं चुकलं होतं. हे सगळं 'विरोध' एवढ्या शब्दात कुठं बसतंय?

मूळ लॅटिन आहे, 'डिस' म्हणजे वेगळं आणि 'सेंटिरे' म्हणजे वाटणं. कन्सेंट, असेंट, सेंटिमेंट सगळी त्याच घरातली. म्हणजे साधं 'मला वेगळं वाटतंय' एवढंच. ही एक ओळ छापली असती तर काय कागद संपला असता?

आणि निषेध! आम्हा बेळगावकरांना हा शब्द शिकवायला नको, १ नोव्हेंबरला इकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून आम्हा मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस, लहानपणापासून ऐकत आलोय. खरं त्याच बेळगावात बसमध्ये चढलं की कन्नडमध्ये 'धूमपान निषेधिसलागिदे'. तिथं निषेध म्हणजे बंदी! मराठीत पण 'विधिनिषेध' म्हणताना जुना अर्थ तोच की. म्हणजे एकाच गावात एकाच शब्दानं सरकार आम्हाला अडवतंय आणि आम्ही सरकारला सुनावतोय, मला तर बसमध्ये बसून हसूच येतंय कधीकधी.

उलट कन्नड पेपरात पक्षातल्या नाराज आमदारांना 'भिन्नमतीयरु' म्हणतात. हा शब्द मला डिसेंटच्या जास्त जवळचा वाटतो, पक्षातच आहेत खरं मत वेगळं. मराठी पेपर तेवढ्यात 'बंडखोर' करून मोकळे होतात, अजून बंड झालेलं पण नसतंय. भिन्नमत आपल्याला परकं थोडंच आहे, दोन्ही शब्द आपलेच, डिक्शनरीवाल्यांनी का घेतलं नाही काय की. असहमती पण नाही दिलेला.

आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेच्या मीटिंगला एक अण्णा येतात, ते दरवेळी म्हणतात, "माझा विरोध नाही, खरं मला पटलेलं नाही, तेवढं प्रोसिडिंगात लिहा." डिसेंटचा अर्थ भाचीला शेवटी त्यावरून सांगितला, लगेच कळला तिला.

बाकी भाजीपाला, आजार, नातीगोती असले रोजचे शब्द नीट आहेत, दहावी-बारावीला चालेल. लॉ, जर्नलिझमवाल्यांनी मोठी घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तर गेले. एक स्टार टाइपासाठी कापला, एक या शब्दासाठी. भाचीचं म्हणणं दोनच द्यायचे, तेही इथं लिहून ठेवतो.