सांगूनही कुत्रं हॉलमध्ये सोडलं आणि सोफा फाटला: पगार कापायचा, सोसायचं, की एजन्सीकडं मागायचं?

कोल्हापुरात राजारामपुरी असू दे नाहीतर कळंबा, ज्यांच्या घरात कुत्रं-मांजर आहे आणि कामाला बाहेरचं माणूस येतंय त्यांच्यावर ही वेळ कधीतरी येतेच. "मावशी, फरशी पुसताना याला गॅलरीत ठेवा आणि जाताना कडी लावा" असं सांगून आपण ऑफिसला जातो, संध्याकाळी येऊन बघतो तर हॉलभर फोम, सोफ्याची एक बाजू उसवलेली आणि साहेब शेपूट हलवत दारात उभे. डोकं फिरतंच. पहिला विचार पगारातनं कापून घ्यायचा, दुसरा जाऊ दे मरू दे, आणि घरातलं कुणीतरी तोवर म्हणतंय की माणूसच बदला. एजन्सीतनं माणूस आलेलं असेल तर चौथा रस्ता पण आहे, आणि विम्याचं पण लोक विचारतात. हे सगळे पर्याय आमच्या घरात आणि ओळखीपाळखीत वापरून झालेत, त्यामुळं कुणी ठरवत असेल तर समोरासमोर ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, थेट ठेवलेल्या माणसाच्या पगाराला हात लावू नका आणि एजन्सीला मात्र सोडू नका.

आधी बघा, सूचना खरंच पोचली होती का

हे कंटाळवाणं वाटेल पण सगळा निकाल इथंच लागतो. रुईकर कॉलनीत एका ओळखीच्यांकडं लॅब्राडोरचं पिल्लू होतं, पाचेक महिन्यांचं, म्हंजे दात येण्याचं वय (साधारण तीन ते सहा-सात महिने हा काळ असतो, हिरड्या शिवशिवत असतात, मिळेल ते चावणार). त्यानं सागवानी दाराची चौकट खालनं कुरतडली. घरात मावशींवर आरडाओरडा झाला, मग जरा शांत झाल्यावर कुणीतरी नीट विचारलं तर मावशी म्हणाल्या, "मी लावलीती की कडी, आजींनी उघडाय लावली, उकडायलंय म्हणाल्या." आता बोला. सून एक सांगून जाते, सासूबाई दुसरं सांगतात, आणि कामाला आलेल्या बाईनं ऐकायचं कुणाचं? घरात जी समोर आहे तिचंच ऐकणार ना. अशा ठिकाणी मावशींकडनं एक रुपया मागायचा हक्क तुम्हाला नाही, आजींकडं मागून बघा हवं तर.

दुसरा प्रकार म्हंजे सूचना पहिल्या दिवशी दिलेली आणि नंतर वर्षभर त्याचा विषयच नाही, किंवा फोनवर घाईत सांगितलेली, किंवा "कुत्र्याकडं जरा लक्ष द्या" असली मोघम. लक्ष द्या म्हंजे काय करा? दार बंद करा, चपला वर ठेवा, का पाणी द्या? याउलट "गॅलरीचं दार ओढून वरची कडी लावायची, पुसून झाल्यावरसुद्धा उघडायचं नाही" हे स्पष्ट सांगितलेलं, दोन-चारदा केलेलं पण, आणि त्या दिवशी नुसता कंटाळा केला, तर मग ती चूक त्यांची. तेव्हाच पुढचे पर्याय बघायचे.

पगार कापणं की स्वतः सोसणं

पगार कापण्याच्या बाजूनं एवढंच की पैसे लगेच हातात राहतात आणि राग शांत होतो. पण आकडे मांडून बघा. समजा सोफ्याचं बिल ९,००० आलं आणि मावशींचा महिन्याचा पगार २,५०० आहे. कापणार कसे? पूर्ण कापले तर चार महिने फुकट काम, कोण करेल हो? महिन्याला ५०० कापले तर दीड वर्ष, आणि दर महिन्याला तेच तोंड, तोच विषय. बहुतेक वेळा होतं काय, दुसऱ्या महिन्यात बाई यायची बंद होते, तुमचे उरलेले आठेक हजार पण गेले आणि माणूस पण गेलं. कारखान्यात किंवा कंपनीत सुद्धा नुकसानीचे पैसे पगारातनं कापायचे तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, घरकामाला तो नियम तसाच लागू नसला तरी मोजमाप म्हणून तेवढं तरी पाळायला काय हरकत आहे.

आणि नऊ हजार हे नव्या कापडाचं-फोमचं बिल आहे, तुमचा सोफा आठ वर्षं जुना होता हे पण विसरायचं नाही. जुन्या वस्तूचं नुकसान जुन्या भावानं धरायचं.

पण माझा खरा विरोध पैशाच्या हिशोबापायी नाहीच. एकदा पगार कापला की घरात काय झालं हे तुम्हाला परत कळणार नाही. फुटलेली वाटी कचऱ्यात खोल जाणार, फाटलेला पडदा घडी घालून मागं लपणार. वाटी-पडद्याचं एकवेळ जाऊ दे, पण जनावराच्या बाबतीत हे लपवणं जिवावर बेततं. मांजर असलेल्या घरात फिनेल जास्त घालून फरशी पुसली, मांजर त्यावरनं चाललं आणि मग पंजे चाटत बसलं, तर फिनॉलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये फारशी नसते, त्याला विषबाधा होते. रविवारचा पांढरा रस्सा उरला म्हणून मायेनं कुत्र्याला घातला, त्यात कांदा-लसूण, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि लक्षणं कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसतात. मनुके, द्राक्षं, चॉकलेट पण कुत्र्याला विषारीच. शिजवलेली हाडं तर आतड्यात टोचतात. यातलं काहीही झालं आणि मावशींनी तासाभरात फोन केला, "दादा, ह्येनं मनुक्याची पिशवी फोडून खाल्लीया" तर डॉक्टरला उलटी करवून बाहेर काढायला वेळ मिळतो. संध्याकाळी तुम्हाला नुसतं मलूल पडलेलं कुत्रं दिसलं तर डॉक्टरनं तरी काय शोधायचं? मागच्या वेळी ५०० कापलेल्या बाईचा फोन येणार नाही, मी लिहून देतो.

मग सोसायचं का सगळं? नाही, तसं पण नको. "जाऊ दे मावशी, होतंय" म्हणून सोडून दिलं आणि आतल्या आत धुमसत राहिलं तर पंधरा दिवसांनी भाजी आणायला उशीर झाला म्हणून त्यांच्यावर स्फोट होतो, त्या बिचाऱ्यांना कळत नाही एवढं काय झालं. शिवाय त्यांना वाटतं कडीचं काही विशेष नव्हतंच.

मधला रस्ता आमच्याकडं चालतो तो असा: बिल दाखवायचं. बिल बघितलं की माणसाला अंदाज येतो, सोफा म्हंजे ५०० रुपयाचं काम वाटत असतं बऱ्याच जणांना. पैसे मागायचे नाहीत, पण श्रमात काही भरून निघत असेल तर तसं विचारायचं, म्हंजे कारागीर येणार त्या दिवशी जरा थांबाल का, फोमचा कचरा उचलून द्याल का. बऱ्याचदा त्या स्वतःच म्हणतात की दिवाळीच्या बोनसमधनं थोडं धरा. तरी धरू नका, बोनस बोनसच राहू दे. ज्यांना निम्मं-निम्मं करायचंच आहे त्यांनी नुकसान व्हायच्या आधी, कामाला ठेवतानाच ठरवावं, आणि रक्कम इतकी लहान ठेवावी की ती दिल्यावर त्यांच्या घरातली चूल अडणार नाही. झाल्यावर नियम काढणं हा काही न्याय नव्हे.

एजन्सी किंवा ॲपवरनं आलेलं माणूस: इथं गणित उलटं

इथं तुम्ही पैसे कंपनीला देता, माणूस निवडते ती, शिकवते ती, त्यामुळं त्यानं कामावर असताना केलेल्या हलगर्जीपणाला जबाबदार पण तीच. आलेल्या पोराशी भांडू नका, त्याला महिन्याला मिळतं किती. सरळ वर जा.

कायद्यात एक बारीक पण फार कामाचा फरक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवा' कशाला म्हणायचं त्यातनं वैयक्तिक नोकरीचा करार वगळलाय, म्हंजे तुम्ही थेट पगारावर ठेवलेल्या मावशींविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. एजन्सीकडनं घेतलेली सेवा मात्र त्यात बसते. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरी नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेला दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि मुदत २ वर्षांची. (कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून सोफ्याची केस तिकडं न्यायची हौस करू नका.)

पण आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही जर कागद पक्का असेल. बुकिंग करतानाच चॅटवर लिहायचं, "घरात मांजर आहे, बेडरूमचं दार बंदच ठेवायचं, फिनेल वापरायचं नाही." नुकसान झालं की आवराआवर करायच्या आधी फोटो, त्याच दिवशी तक्रार, दुरुस्तीचं कोटेशन शक्यतो दोन ठिकाणचं. कंपनी पहिल्यांदा पुढच्या सर्व्हिसवर डिस्काउंट देते म्हणते. ज्यांनी गादीची वाट लावली त्यांनाच परत घरात घ्यायचं आणि ते पण सवलतीत, व्वा! घेऊ नका, दुरुस्तीचा खर्च मागा. बारीक अक्षरातल्या अटींत 'इतक्या रकमेपर्यंतच जबाबदारी' असं लिहिलेलं असतं ते मात्र आधी वाचून ठेवा.

गावाला जाताना चार दिवस घरी राहणारा ओळखीतला कॉलेजचा पोरगा असेल तर तो मधल्यातला मामला. त्याच्याकडनं मागायचं असेल तर फक्त उघड हलगर्जीपणाचं, उदा. दार सताड उघडं टाकून रंकाळ्यावर फिरायला गेला. कुत्र्यानं एकटेपणानं रडून उशी फाडली तर ते तुमच्याच खात्यात.

विमा

थोडक्यात, यावर भरवसा ठेवू नका. १ एप्रिल २०२१ पासनं सगळ्या कंपन्या देतात ती 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आग, पूर, वादळ, भूकंप असल्या गोष्टींसाठी आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या कोल्हापूरकरांनी ती घ्यावीच, पण कुत्र्यानं सोफा चावला हे त्यात येत नाही. मांजरानं समई पाडून आग लागली तर ते आगीत येईल, ओरखडे नाही. कुत्र्याच्या विम्यात तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेचा भाग मिळू शकतो, स्वतःच्या फर्निचरचा नव्हे.

माणूस बदलायचं की व्यवस्था

एकदा झालं तर व्यवस्था बदला. कडी हाताला येईल अशा उंचीवर आणा, दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, आणि मावशींना वाचता येत नसेल तर कुत्र्याचं चित्र चिकटवा, हसू नका, चालतं ते. सगळ्यात सोपं म्हंजे त्या यायच्या आधी तुम्हीच कुत्र्याला आत ठेवून जा, म्हंजे कुणी सांगायला नको आणि कुणी विसरायला नको. बऱ्याच बायकांना कुत्र्याची भीती असते आणि त्या ती बोलून दाखवत नाहीत, कारण काम जाईल. त्याला पट्ट्याला धरून गॅलरीत न्या म्हणणं म्हंजे त्यांच्यासाठी मोठंच काम आहे, मग त्या दार उघडं सोडून स्वतःच किचनमध्ये जाऊन थांबतात आणि आपण म्हणतो ऐकलं नाही.

आणि हो, उलट बाजू पण लक्षात घ्या, त्या कुत्र्यानं मावशींना चावा घेतला तर खर्च आणि जबाबदारी तुमची, पाळीव जनावर सांभाळण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना, रेबीजची लस सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) पण मिळते, आणि त्या दिवसांचा पगार कापायचा विषयच काढायचा नाही.

तेच तेच परत होत असेल, खोटं सांगितलं जात असेल किंवा जनावराला मारलं जात असेल तर मात्र दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका, हिशोब पूर्ण करून निरोप द्या. यात माझ्या मनात काही दोन मतं नाहीत.

दुरुस्तीचं जाता जाता

पैसे कुणाकडनं मागायचे हे ठरवायच्या आधी नुकसान खरंच किती आहे ते कारागिराला विचारा, रागात असताना सगळं नवीनच घ्यावं लागणार असं वाटतं. सोफ्याची एकच सीट फाटली असेल तर तेवढाच फोम आणि कापड बदलून मिळतं, तेच कापड मिळालं नाही तर दोन्ही बाजूच्या सीटला दुसऱ्या रंगाचं कापड लावून टाकायचं, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. सागवानाचे ओरखडे पॉलिशपेपर मारून पॉलिश केलं की जातात, चौकट आतपर्यंत कुरतडली असेल तरच सुताराला तुकडा बसवावा लागतो. मांजराच्या मुतण्यावर फिनेल नाहीतर अमोनियावालं काही ओतू नका, वास दबतो पण मांजराला तीच जागा परत आपली वाटते, एन्झाइमवालं क्लीनर आणून मुरू द्यायचं आणि वाऱ्यावर सुकवायचं, गादी वाचते. आणि कापशी (कोल्हापुरीतलाच एक प्रकार) चप्पल गेली तर ती गेलीच. ते झाडाच्या सालीत कमावलेलं अस्सल कातडं, कुत्र्याच्या दृष्टीनं ती खायचीच वस्तू, ती मावशींच्या हिशोबात धरू नका, दारातल्या स्टँडवर ठेवली कुणी होती ते विचारा.