वर्टस जीटीला बसवलेली जादा सुरक्षा: किनाऱ्यावर दोन पावसाळे काढल्यानंतर

गाडी फोक्सवॅगन वर्टस जीटी प्लस, १.५ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर, त्यामुळे करूळ घाट चढताना तोंडावरचं हसू काही लपत नाही. राहायला मालवण तालुक्यात, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. गाडी खळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली उभी असते, चिऱ्याच्या गडग्याच्या आत, डोक्यावर माड. कोल्हापूरला नेहमीचं जाणं-येणं, कधी पुणे, कधी मुंबई. अधूनमधून मी पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो आणि गाडी घरीच असते.

हे आधी सांगितलं, कारण जादा सुरक्षा बसवायच्या आधी मी जे जे व्हिडिओ पाहिले ते सगळे दिल्लीचे नाहीतर इंग्लंडचे. तिथे प्रश्न एकच, चोर. इथे चोराच्या आधी खारा वारा येतो, मग पाऊस, मग उंदीर. त्यामुळे कुठली वस्तू चोराला किती वेळ अडवते यापेक्षा ती या हवेत किती टिकते आणि घरच्यांना किती छळते, हे माझ्यासाठी महत्त्वाचं ठरलं.

‘कंपनीचा इमोबिलायझर असतो की, मग हे कशाला?’ हा प्रश्न मलाही बऱ्याच जणांनी विचारला. असतो, आणि चांगला असतो. चावीतली चिप ओळखीची निघाली नाही तर इंजिन चालू होत नाही. पण तो अडवतो फक्त अनोळखी चावीला. कीलेस गाडी, म्हणजे चावी खिशातच ठेवून उघडणारी आणि चालू होणारी, कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरीने ‘चावी जवळ आहे का?’ असं विचारत असते आणि चावी रेडिओवरून ‘आहे’ म्हणून उत्तर देते. दोन माणसं लहरी पुढे पाठवणारी दोन खोकी घेऊन आली, एक गाडीपाशी आणि एक घराच्या भिंतीपाशी थांबला, की हा प्रश्न लांबवर पोचवता येतो. आमच्याकडे चावी लटकते पडवीतल्या खुंटीला, गाडीपासून जेमतेम दहा पावलांवर. चावी खरी, उत्तर खरं, गाडी बिचारी दार उघडते. याला रिले पद्धत म्हणतात. दुसरा रस्ता ओबीडी पोर्टचा, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटचा, तिथे यंत्र लावून नवी चावीच शिकवायची. तिसरा त्याहून पुढचा. लंडनमध्ये २०२२ साली गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संशोधकाचीच टोयोटा आरएव्ही४ चोरीला गेली. आधी बंपर आणि हेडलाइटची वायरिंग उचकटलेली दिसली, त्याला वाटलं कोणीतरी टवाळकी केली. नंतर गाडीच गायब. पुढच्या वर्षी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ती पद्धत उलगडून मांडली: हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या कॅन लाइनमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या-मोठ्या कॉम्प्युटरांच्या आपापसात बोलायच्या दोन तारांच्या लाइनमध्ये, शिरायचं आणि ‘चावी बरोबर आहे’ असा खोटा निरोप पाठवायचा. त्यासाठीचं यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं असायचं.

आपल्याकडे गावात असं कोणी करेल असं मला वाटत नाही. पण गाडी गावातच राहत नाही ना.

म्हणून सगळ्यात जास्त पैसे घातले ते पिन-कोड इमोबिलायझरवर. ब्रिटनमध्ये ‘घोस्ट’ नावाने जो प्रकार प्रसिद्ध आहे, त्याच जातीचा.  हे यंत्र त्याच कॅन लाइनवर कान लावून बसतं. स्टिअरिंगवरची, दारावरची बटणं तुम्ही ठरवलेल्या क्रमाने दाबली तरच इंजिन धरतं. त्याला वेगळा रिमोट नाही, लुकलुकणारा दिवा नाही, स्वतःची रेडिओ लहर नाही, त्यामुळे शोधायचं कसं हाच चोरापुढे प्रश्न. नवी चावी शिकवली तरी उपयोग नाही, कारण हे यंत्र चावीला विचारतच नाही.

बसवायला कोल्हापूरहून एक मुलगा आला. मोजले चाळीस हजारांच्या आत-बाहेर, यायचा-जायचा खर्च धरून. त्याच्या कामात मी दोन गोष्टींवर अडून बसलो. एक, तारा चिमट्यात दाबून जोडायच्या नाहीत. बाजारात निळ्या-लाल प्लॅस्टिकचे चिमटे मिळतात, आत पातं असतं, ते तारेचं आवरण कापून आत शिरतं. शहरात चालत असतील. इथे तांब्याचा एवढासा उघडा भागसुद्धा पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग गाडी कधी चालू होईल, कधी नाही. सोल्डर करून, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून, त्यावर कंपनीच्या वायरिंगसारखी कापडी टेप. दोन, यंत्र पायाजवळच्या कार्पेटखाली जायचं नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या कार्पेटला ओल सुटत नाही. ओल्या चपलांनी चढणारी चार माणसं आणि भिजलेल्या छत्र्या. त्याने दुसरी जागा शोधली. कुठे ते अर्थातच सांगणार नाही.

दोन पावसाळे झाले, एकदाही दगा नाही. बटणांचा क्रम आता सीटबेल्टसारखा हातात बसलाय. पहिल्या आठवड्यात मात्र घरात कटकट झाली. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून, आणि मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत उभा. बायकोने स्वतःच क्रम बदलून छोटा करून घेतला, ते बरंच झालं. बाबांनी जाहीर केलं, ‘तुझ्या त्या गाडीला मी हात लावणार नाही, माझी वॅगनआर बरी.’ त्यांना आग्रह केला नाही. सर्व्हिसिंगला देताना सर्व्हिस मोड (क्रम न दाबता गाडी चालू होऊ देणारा) लावायचा, घेताना काढायचा, हे विसरलात तर उपयोग शून्य. आणि क्रम विसरलात तर लागणारा आणीबाणीचा कोड गाडीत ठेवू नका. वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी प्रत्येकजण वेगळं सांगतो.

सायरन आणि धक्क्याचा सेन्सर असलेला अलार्मही लावला होता. तो काढला. त्याची हकीकत थोडक्यात. माडाची सुकी झावळी शेडच्या पत्र्यावर पडली की अलार्म. जूनच्या सुरुवातीला गडगडलं की अलार्म. मांजराने बॉनेटवर उडी मारली की अलार्म. संवेदनशीलता कमी करत करत अशी वेळ आली की मी काचेवर बुक्की मारली तरी तो गप्प. शेजारचे आबा एका सकाळी गडग्यावरून म्हणाले, ‘रे, तुझी गाडी रात्रभर बोंबलता. चोर परवडलो, तो गपचूप तरी येता!’ त्याच रविवारी काढून टाकला. ज्या अलार्मची वाडीला सवय झाली, तो वाजला तरी कोण उठणार?

गिअर लॉक हा आपल्याकडचा जुना आणि स्वस्त उपाय. मॅन्युअल गाडीला रिव्हर्समध्ये अडकवतात. पट्टी कन्सोलच्या खाली गाडीच्या लोखंडाला आवळलेली असते, बोल्टची डोकी घट्ट करताना तुटून पडतात, म्हणजे पान्याने उलटं खोलता येत नाही. चोराला ते बाहेरून दिसतं, हाच त्याचा अर्धा फायदा. माझ्या हिशेबात पैसे वसूल करणारी वस्तू. पण कुलूप शेवटी कुलूपच. पहिल्या सप्टेंबरमध्ये चावी आत जायला कुरकुरायला लागली. टॉर्च लावून पाहिलं तर चावीच्या भोकाच्या कडेला पांढुरकी, मिठासारखी पूड आणि दांड्याच्या वाकावर, जिथे हात लागून क्रोम घासलं गेलंय तिथे, गंजाचे तांबूस ठिपके. तेल घालू नका. तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात आत काळं पीठ होतं. ग्रॅफाइटची पूड फुंकायची, चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करायची, जादाची पूड पुसायची. पावसाळ्यात दर महिन्याला हे केलं की कुलूप नव्यासारखं फिरतं. दांड्याला मेणाचा हात. गाडी बंद राहणार असेल तर आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवतो. त्यांनी सीटचा बुरशीचा वासही थांबला, हा वरचा फायदा.

स्टिअरिंगला लावायचा लांब दांडा मी घेतला नाही. स्टिअरिंगची कड करवतीने कापली की दांडा सुटतो, आणि मे महिन्यात तो हातात धरवत नाही.

आता ट्रॅकर. दोन आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिला वायरिंगला जोडलेला, सिमकार्डवाला. पाच हजारांच्या आसपास, वर दरवर्षीचं रिचार्ज. उपग्रहावरून जागा घेतो, मोबाइल नेटवर्कवरून पाठवतो. घाटात रेंज गेली की मधले बिंदू साठवून ठेवतो आणि रेंज आल्यावर एकदम टाकतो, त्यामुळे नकाशावर गाडी घाटात अर्धा तास बसून राहते आणि मग अचानक फोंड्यात उगवते. ते ठीक आहे. खरी अडचण पावसाळ्यातली. वादळी पावसात वीज जाते, थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो, आणि मी पुण्यात बसून ‘शेवटचा संपर्क काल रात्री’ एवढंच वाचत राहतो. चोरी झाली की लाइट गेली, कसं कळणार? आबांना फोन करून. तंत्रज्ञान शेवटी गडग्यापर्यंतच.

बॅटरीचा हिशेब मात्र आधी करा. जागा राहणारा ट्रॅकर साधारण ३० मिलिअँपिअर खातो असं धरलं, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, पंधरा दिवसांत जवळपास ११. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एरवी हे जड नाही. पण त्यात गाडीचा स्वतःचा खर्च मिळवा आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची असली की गोष्ट वेगळी. गाडी हलली नाही की झोपी जाणारा ट्रॅकर घ्या, आणि त्याला स्वतःची छोटी बॅटरी आहे का ते विचारा, कारण चोर आधी गाडीच्या बॅटरीची तार काढतो. ट्रॅकरबरोबर इंजिन बंद पाडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, मिळतो, मोबाइलवरून बटण दाबलं की इंधन पंप बंद. मी जोडलेला नाही. घाटातल्या वळणावर कोणाच्याही, अगदी चोराच्याही, गाडीचं इंजिन मी लांबून बंद करणार नाही. शिवाय एक जादा रिले म्हणजे बिघडायला एक जादा जागा.

उंदरांबद्दल वेगळं सांगायला हवं. भात कापणीनंतर ते खळ्याकडे वळतात आणि गरम बॉनेट त्यांना आवडतं. ट्रॅकरची तार इंजिनाच्या बाजूने नेली असेल तर ती नळीत घालून घ्या. तंबाखूची पानं बांधा असं इथे सगळे सांगतात. मी बांधली, उंदीर आलेच. खालून बारीक जाळी लावल्यापासून त्रास कमी आहे.

दुसरा ट्रॅकर म्हणजे ॲपलचा एअरटॅग, साडेतीन हजारांच्या आसपास. त्यात ना जीपीएस ना सिम. आजूबाजूने जाणाऱ्या आयफोनना तो ब्लूटूथवरून दिसतो आणि ते त्याची जागा कळवतात. म्हणजे आयफोनवाले जितके, तितकी माहिती. डिसेंबरात पर्यटक आले की आमच्या रस्त्यावरून गाडीची खबर तासातासाला मिळते, जुलैत दिवसचे दिवस शांतता. कोल्हापुरात उभी केली तर मिनिटामिनिटाला. चोरलेली गाडी शहराकडेच जाणार, या हिशेबाने तो ठेवलाय. पण तो चोरापासून लपून राहत नाही. अनोळखी एअरटॅग सोबत फिरतोय अशी सूचना आयफोनवर येते, लोकांचा पाठलाग होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. भाचा गाडी घेऊन सावंतवाडीला गेला होता, तिथून त्याचा फोन, ‘मामा, माझ्यावर पाळत ठेवलीस काय रे?’ बॅटरी साधी सीआर२०३२, साधारण वर्षभर जाते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेल्या बॅटऱ्या मिळतात, त्यांतल्या काही एअरटॅगमध्ये चालत नाहीत, घेताना बघा.

चावीसाठी लहरी अडवणारं पाकीट घेतलं होतं. सहा-सात महिन्यांनी घडीवरचं अस्तर चिरलं. कळलं ते तपासल्यामुळे: चावी पाकिटात घालून गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि हँडल ओढायचं. दार उघडलं म्हणजे पाकीट संपलं. आता चावी पडवीत नाही, आतल्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असते. डबाही असाच तपासून घ्या, झाकण सैल असेल तर उपयोग नाही.

चाकांना चोर-बोल्ट लावलेत. खास टोपीशिवाय खुलत नाहीत. ती टोपी डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि पंक्चरवाल्याच्या हातातून लगेच परत घ्या. हवेच्या गनने तो बोल्ट त्याला कधीही खोलू देऊ नका, टोपीचे दात जातात.

राहिला विमा. ‘एवढं बसवलंस तर प्रीमियम कमी झाला असेल’ असं सगळ्यांना वाटतं. एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण आणि ते बसवल्याचं ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के सूट आहे, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. उलट चाळीस हजारांचं इलेक्ट्रॉनिक उपकरण विम्यात वेगळं धरायचं तर त्याच्या किमतीच्या चार टक्के, म्हणजे १,६०० रुपये दरवर्षी जादा. तेव्हा विम्यात पैसे वाचतील म्हणून यातलं काहीही बसवू नका. वाचवायचेच असतील तर गाडी नवी असताना ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ (गाडी चोरीला गेली तर बिलाएवढी रक्कम देणारं जादा कलम) घ्या, कारण नुसत्या आयडीव्हीत, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत, दुसऱ्या वर्षी गाडीची किंमत २० टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षी ३० टक्क्यांनी कमी धरतात. आणि चोरीच्या दाव्यात कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. दुसरी चावी गाडीच्या खणात ठेवणारे बरेच जण माझ्या माहितीत आहेत. माझी कुडाळला बहिणीकडे आहे, कपाटात, तीही पत्र्याच्या डब्यात.